कॅमेरा, लिनक्स आणि निविदेतील एक ओळ

लिनक्सच्या संगणकाला डिजिटल कॅमेरा जोडता येत नाही, हा समज शासकीय कार्यालयांत अजूनही आढळतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी सीडी बहुधा विंडोजसाठीच असे; त्यातून तो रुजला असावा. वस्तुतः छायाचित्रे उतरवून घेण्यासाठी त्या सीडीची गरज क्वचितच होती.

काही कॅमेरे यूएसबी मास स्टोरेज पद्धतीने पेन ड्राइव्हसारखे दिसतात. डीसीआयएम हा फोल्डर उघडला की काम झाले. इतर अनेक कॅमेरे पीटीपी या पद्धतीने संगणकाशी बोलतात. ती आयएसओ १५७४० या क्रमांकाचे जाहीर मानक आहे. म्हणूनच स्वयंसेवी प्रोग्रामरांनी लिहिलेली लिबजीफोटो२ ही लायब्ररी आज दोन हजारांहून अधिक कॅमेरे ओळखते. क्वचित ‘उपकरण ताब्यात घेता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. त्या वेळी फाइल मॅनेजरने कॅमेरा आधीच धरून ठेवलेला असतो. तेथून तो ‘अनमाउंट’ केला की पुरे. तेही नको असेल, तर कार्ड रीडर आहेच.

मग अडते कोठे? माझ्या मते, खरेदीच्या फाइलीत. केंद्र शासनाने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. सामान्य वित्तीय नियमावली, २०१७ मधील नियम १४४ तर मागणीचे वर्णन कार्यात्मक असावे, त्यात विशिष्ट व्यापारनाम नसावे, असेच सांगतो. तरीही ‘विंडोजशी सुसंगत’ ही ओळ जुन्या निविदेतून नव्या निविदेत निमूटपणे उतरते. तिच्या जागी ‘पीटीपी किंवा यूएसबी मास स्टोरेज’ एवढे लिहिण्यास एक पैसाही लागत नाही.

पंचनाम्याचे, पुरात पडलेल्या घराचे, अर्धवट पुलाचे छायाचित्र हा शासकीय अभिलेख असतो. मूळ फाइल जशीच्या तशी उतरवली, तर तारीख-वेळेची एक्झिफ नोंद तिच्यासोबत राहते (घड्याळ बरोबर लावलेले असले पाहिजे, हे ओघाने आलेच). संदेश-ॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत ती बहुधा उरत नाही, आणि नुकसानभरपाईचा वाद उद्भवला की नेमकी तीच मागितली जाते.

माल ताब्यात घेतानाच्या तपासणीतही एक पायरी वाढवावी. कॅमेरा सी-डॅकच्या बॉस लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला जोडून दहा छायाचित्रे उतरवून पाहावीत. पुरवठादाराच्या समक्ष, आणि देयकावर सही करण्यापूर्वी.