विश्लेषण : परदेशातील अनाथाश्रमांना देणगीदारांच्या भेटी… मुलांच्या भल्याच्या की फोटोच्या?

गळ्यात हार, समोर नाचणारी मुले आणि शेवटी मांडीवर मूल घेऊन काढलेला फोटो. परदेशातील अनाथाश्रमांना भेट देणाऱ्या शिष्टमंडळांचे असे व्हिडीओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. देणाऱ्यांचा हेतू बहुतेकदा चांगलाच असतो. तरीही संयुक्त राष्ट्रांपासून ऑस्ट्रेलियाच्या संसदेपर्यंत अनेकांनी या भेटींवर आक्षेप घेतला आहे. का?

कंबोडियात काय घडले?

२००५ ते २०१० या काळात कंबोडियातील अनाथाश्रम सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. युद्धाचा काळ कधीच मागे पडला होता. वाढत होते ते पर्यटक. युनिसेफच्या माहितीनुसार या आश्रमांतील दर चारपैकी जवळपास तीन मुलांची आई किंवा वडील हयात होते. मग ही मुले तिथे आली कशी?

पाहुण्यांना मुले दिसली की देणगी मिळते, म्हणून मुले लागतात. दलाल दुर्गम गावांत जातात आणि ‘पोराला शहरात शिकवतो’ असे सांगतात. नेपाळमध्ये हुमलासारख्या डोंगराळ जिल्ह्यातून अशीच मुले आणली गेली. कित्येक आईवडिलांनी त्यासाठी वर पैसेही मोजले. तिथले बहुतेक आश्रम कुठे आहेत, तेही पाहा : काठमांडू खोरे, पोखरा, चितवन. म्हणजे जिथे पर्यटक, तिथेच. धष्टपुष्ट मूल पाहून कुणाचा हात खिशात जात नाही, म्हणून काही आश्रमांनी मुलांना मुद्दाम हलाखीत ठेवल्याचेही उघड झाले आहे.

शिवाय दर आठवड्याला नवा ‘काका’, नवी ‘ताई’ येते, लळा लावते आणि निघून जाते. लहान मुलांना हे वारंवार सोसावे लागते. डिसेंबर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीवरील अहवालात अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या तस्करीची स्वतंत्र दखल घेतली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अशा स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्याकडे लक्ष वेधले.

मग जायचेच नाही का?

तसे नाही. १९८८ मध्ये ऑड्री हेपबर्न युनिसेफतर्फे इथिओपियात गेली, तेव्हा तिथल्या दुष्काळाकडे जगाचे लक्ष गेले. पण कॅमेरा कुणाच्या हातात, हा प्रश्न आता टळत नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या ‘कॉमिक रिलीफ’साठी युगांडात गेलेल्या स्टेसी डूली यांनी एका मुलाला कडेवर घेतलेला फोटो टाकला आणि खासदार डेव्हिड लॅमी यांनी त्यावर कडाडून टीका केली. पुढच्याच वर्षी संस्थेने आफ्रिकेत सेलिब्रिटी पाठवणे थांबवून तिथल्याच चित्रपटकर्त्यांना काम द्यायचे जाहीर केले. माझ्या मते हा बदल उशिरा झाला, पण योग्य झाला.

तुम्हाला अशा दौऱ्याचे आमंत्रण आले, तर आयोजकांना आधी विचारा : यातल्या किती मुलांचे पालक हयात आहेत? गेल्या वर्षी किती मुले घरी परतली? अनोळखी माणसाला मुलांच्या खोलीपर्यंत सोडतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर तिकीट काढू नका.