तिसाव्या दिवसाची तारीख

काचेत ठेवलेले बाळ घरी गेले की आपल्यापैकी अनेकांच्या लेखी ते सुटले. त्याचे दृष्टिपटल मात्र अजून घडत असते. या चेताऊतीत रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास शिरतात. नाकाकडची कड छत्तिसाव्या आठवड्याला गाठतात, कानाकडची दिवस भरता भरता. पुढे अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी चालतात. ऑक्सिजन कमी पडला की त्या व्हीईजीएफ सोडतात, वाहिनीचे टोक तिकडे सरकते आणि रक्त पोचले की व्हीईजीएफ ओसरते. मागणी तसा पुरवठा.

हे गणित गर्भातल्या कमी ऑक्सिजनवर बेतलेले आहे. अकाली जन्मलेल्या बाळाला वरून ऑक्सिजन लावला की मागणीच बुजते. आयजीएफ-१ही घटलेले असते. वाहिन्या जागीच थांबतात. काही आठवड्यांनी पुढच्या कोऱ्या पटलातल्या चेतापेशींची भूक वाढते, व्हीईजीएफचा पूर येतो आणि वाहिन्या पटल सोडून काचद्रवात घुसतात. म्हणून दृष्टिपटलाचा हा आजार उशिरा दिसतो, पुष्कळदा डिस्चार्जनंतर.

१९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवले. मग तो इतका आखडला गेला की बाळे दगावू लागली. २०१० च्या ‘सपोर्ट’ चाचणीतही रक्तातला ऑक्सिजन ८५-८९ टक्के राखलेल्या गटात डोळे वाचले, पण मृत्यू वाढले. ९० ते ९५ ची पट्टी ही अशी महागात मिळालेली आहे. हिंगणघाटहून सेवाग्राम-सावंगीकडे बाळ हलवताना ब्लेंडर नसेल, तर सिलिंडरचा निव्वळ ऑक्सिजन नाकात जातो. ऑक्सिजनवरच्या बाळाच्या मॉनिटरवर शंभर दिसणे ही धोक्याची खूण समजा.

आजार झालाच, तर व्हीईजीएफ रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅबचे डोळ्यातले इंजेक्शन सोपे आहे, पण ते रक्तात उतरते आणि त्या वयात मेंदू-फुप्फुसांनाही व्हीईजीएफ हवेच असते. शिवाय आजार कित्येक आठवड्यांनी उलटू शकतो. वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून खेपा घालणे जिला जमणार नाही, तिच्या बाळासाठी, आजार डोळ्याच्या अगदी मध्यभागी नसेल तर, आमचा कल लेझरकडे आहे.

३४ आठवड्यांआधीचे किंवा २००० ग्रॅमखालचे बाळ तिसाव्या दिवसाच्या आत तपासायचे; २८ आठवड्यांआधीचे किंवा १२०० ग्रॅमखालचे दोन-तीन आठवड्यांतच. डिस्चार्ज कार्डावर ‘डोळे तपासून घ्या’ असे मोघम लिहू नका. तारीख लिहा, ठिकाण लिहा, आणि तीच तारीख गावच्या आशाताईंनाही फोनवर सांगा.