कावळा, फांदी आणि कर्णधार

कोल्हापुरांत फुटबॉलचा हंगाम सुरू झाला म्हणजे एकाच दिवशीं दोन खेळ होतात. पहिला शाहू स्टेडियमवर, आणि तो दीड-दोन तासांत आटोपतो. दुसरा सामना सुटल्यावर पेठांतील कट्ट्यांवर आणि आमच्या कसबा बावड्याच्या चहाच्या दुकानांतून सुरू होतो, तो मध्यरात्रीपर्यंत संपत नाहीं. त्यांतून गांठ पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांची असेल, तर विचारूंच नये. शेवटच्या दहा मिनिटांत प्रशिक्षकानें एक बचावाचा गडी काढून आघाडीचा गडी घातला आणि गोल झाला, कीं “काय डोकं आहे!” असा उद्गार निघतो. त्याच बदलामुळें बचाव उघडा पडून आपल्यावर गोल झाला, कीं “ह्याला शिकवायला ठेवला कुणी?” असा प्रश्न येतो. बदल तोच, वेळ तीच, माणूसहि तोच. फिरला तो केवळ चेंडू. खांबाला लागून आंत गेला तर प्रशिक्षक पंडित, बाहेर उडाला तर तोच मूर्ख!

या दुसऱ्या खेळाचे आम्हीहि जुने शौकीन आहों. परंतु त्या न्यायदानाच्या रीतीविषयीं आज वाचकांशीं दोन शब्द बोलावेसें वाटतें.

‘कर्णधार’ या शब्दांतील कर्ण म्हणजे कान नव्हे. कर्ण म्हणजे नावेचें सुकाणूं, आणि तें धरणारा तो कर्णधार. वारा त्याला विचारून वाहत नाहीं. डोळ्यांस दिसेल तेवढ्या पाण्यावरून आणि आजवरच्या अनुभवावरून त्यानें नाव वळवावयाची असते. म्हणून नाव तीरास लागली एवढ्यावरून तो निपुण ठरत नाहीं, आणि बुडाली एवढ्यावरून अडाणीहि ठरत नाहीं. आपल्या पूर्वसूरींनीं याच भ्रमाला ‘काकतालीय न्याय’ असें नांव दिलें. कावळा ताडावर येऊन बसला आणि त्याच क्षणीं फळ गळून पडलें. पाहणारा म्हणतो, कावळ्यानें पाडलें. मराठींत आपण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली असें म्हणतों. ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडीं असते, पण सामना पाहतांना ती कोणासहि आठवत नाहीं.

याचें ठळक उदाहरण म्हणजे कै. अजित वाडेकर. १९७१ च्या आरंभीं निवडसमितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानें पतौडींच्या जागीं वाडेकरांची नेमणूक झाली, आणि संघ वेस्ट इंडीजला गेला. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसानें वाहून गेला. नंतर आपली अवस्था ५ बाद ७५ अशी झाली असतां दिलीप सरदेसाई यांनीं २१२ धावा काढून डाव ३८७ वर नेला. वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर आटोपला, आघाडी १७०. पांच दिवसांच्या सामन्यांत फॉलोऑन देण्यास २०० धावांची आघाडी लागते, परंतु पहिला दिवस बुडाल्यामुळें सामना चार दिवसांचा धरला गेला आणि ती मर्यादा १५० वर आली होती. वाडेकरांनीं नियम ध्यानांत ठेवून सोबर्सच्या संघास पुन्हां फलंदाजीस उतरविलें. थकलेल्या गोलंदाजांना लागलीच पुन्हां राबविण्याचें हें धाडस होतें. पण सामना हरण्याचा संभव थोडा, आणि जिंकण्याचा मार्ग असला तर हाच. वेस्ट इंडीजनें ५ बाद ३८५ केल्या व सामना अनिर्णित राहिला. धावफलकावर त्या निर्णयाचें फळ शून्य. तरी निर्णय उत्तम होता, असेंच आम्ही म्हणूं.

पुढच्याच पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटींत त्यांनीं दुसऱ्या डावांत सलीम दुराणींच्या हातीं चेंडू दिला. दुराणींनीं सोबर्सना शून्यावर त्रिफळाबाद केलें आणि लॉइडचा झेल खुद्द वाडेकरांनीं घेतला. आपण सात गडी राखून जिंकलों. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा तो पहिला कसोटी विजय, आणि त्याच विजयानें मालिकाहि पदरांत पडली. त्याच वर्षीं २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडहि हरलें. चंद्रशेखरनें ३८ धावांत ६ बळी घेऊन त्यांचा डाव १०१ वर गुंडाळला होता. मुंबईंत संघाचें स्वागत एखाद्या राजाच्या स्वारीसारखें झालें. आम्ही तेव्हां शाळकरी. रेडिओभोंवतीं वाड्यांतली सारी मंडळी जमलेली असत, आणि वाडेकर हें नांव घराघरांत देव्हाऱ्यांतल्या नांवासारखें घेतलें जाई.

तीन वर्षें लोटलीं. २४ जून १९७४ रोजीं लॉर्ड्सवर आपला डाव अवघ्या ४२ धावांत कोसळला. इंग्लंडनें ६२९ केल्या होत्या आणि आपल्यावर फॉलोऑनची पाळी आली होती. ढगाळ हवेंत ओल्डनें ५ व अर्नोल्डनें ४ गडी टिपले. वाचकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, त्या घटकेला कर्णधारानें कोणतेंच धाडस केलें नव्हतें. निवड करण्यासारखें त्याच्या हातीं कांहीं उरलेंच नव्हतें. तरीहि मुंबईंत त्याच वाडेकरांच्या घरावर दगड आले. इंदूरला विजयाचें स्मारक म्हणून उभारलेल्या भल्या मोठ्या बॅटला काळें फांसलें गेलें. पुढें पश्चिम विभागाच्या संघांतूनहि त्यांना वगळण्यांत आलें आणि त्यांनीं खेळच सोडला. कर्णधार म्हणून त्यांचे एकूण कसोटी सामने १६: जिंकले ४, हरले ४, अनिर्णित ८. हे आंकडे ना देव्हाऱ्याचे, ना दगडाचे. एका विचारी माणसाचे आहेत.

पुढें तेच वाडेकर भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, आणि तोच खेळ नव्यानें रंगला. २७ मार्च १९९४ रोजीं ऑकलंडला सिद्धूची मान आंखडली. सचिन तेंडुलकरनें एकदां सलामीला जाऊं द्या म्हणून गळ घातली. वाडेकर आणि कर्णधार अझरुद्दीन यांनीं होकार दिला. जिंकावयास १४३ धावा हव्या होत्या. सचिननें ४९ चेंडूंत ८२ केल्या. दोन वर्षांनीं, १३ मार्च १९९६ ला, कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत नाणेफेक जिंकून आपण क्षेत्ररक्षण घेतलें. त्याला कारण होतें. त्याच स्पर्धेंत दिल्लीला श्रीलंकेनें आपल्या २७१ धावा सहज ओलांडल्या होत्या. पहिल्याच षटकांत त्यांचे दोन्ही सलामीवीर गेले, तेव्हां सगळे अझरुद्दीनला शहाणा म्हणत होते. सायंकाळीं खेळपट्टी फुटली, १ बाद ९८ वरून आपण ८ बाद १२० झालों, प्रेक्षकांनीं बाटल्या फेंकल्या आणि पंचाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनीं सामना श्रीलंकेला बहाल केला. दुपारचा शहाणा सायंकाळीं वेडा ठरला!

हा दोष आपल्याच लोकांचा आहे असें मात्र नव्हे. ज्यांचीं मुलें-नातवंडें अमेरिकेंत आहेत त्यांना तिकडचा फुटबॉल ठाऊक असेल. त्यांत चेंडू पायानें क्वचित् मारतात. हातीं घेऊन धांवतात किंवा फेंकतात. क्वार्टरबॅक नांवाचा गडी हा त्या नावेचा सुकाणूंवाला. प्रत्येक चाल त्याच्या हातून निघते, पण ती कोणती हें बहुधा प्रशिक्षक ठरवितो. १ फेब्रुवारी २०१५ च्या अंतिम सामन्यांत सिएटलचा संघ चार गुणांनीं मागें, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरलेला, आणि रेषा एक यार्डावर. धडक मारून घुसणारा मार्शॉन लिंच हाताशीं असतां प्रशिक्षक पीट कॅरोल यांच्या संघानें क्वार्टरबॅक रसेल विल्सनकडून चेंडू फेंकविला. तो जमिनीवर पडला असता तर घड्याळ थांबून आणखी चालींना वेळ उरला असता, हा त्यामागील हिशेब. प्रतिपक्षाच्या माल्कम बटलरनें तो मध्येंच झेलला, आणि कॅरोलना साऱ्या देशानें मूर्ख ठरविलें. तीन वर्षांनीं फिलाडेल्फियाच्या डग पीडरसन यांनीं तशाच अंतिम सामन्यांत, पायानें मारून मिळणारे बिनधोक तीन गुण सोडले आणि शेवटच्या चालींत क्वार्टरबॅक निक फोल्स यालाच चेंडू झेलावयास धाडलें. त्यानें तो झेलला, सामना ४१-३३ असा जिंकला, आणि त्या प्रसंगाचा पुतळा उभारण्यांत आला. दोघांचें धाडस एकाच जातीचें. एकाच्या वांट्याला पुतळा आला, दुसऱ्याच्या वांट्याला शिव्या.

कोणी म्हणतील, “गुरुजी, कर्णधाराला नेमतात तें जिंकण्यासाठीं. मग फळावरून नाहीं तर कशावरून जोखावयाचें?” आक्षेप खरा आहे. फळ पाहावेंच, पण तें सोळा सामन्यांचें मिळून पाहावें. एका सामन्यांत कावळा बसतो आणि फांदी मोडते. सोळा वेळां तसें होत नाहीं. आणि एकाच निर्णयाविषयीं बोलावयाचें तर आमच्या मतें तीन प्रश्न पुरेत. कळण्याजोगें जेवढें होतें तेवढें आधीं कळून घेतलें होतें काय? उलटलें तर होणारी हानि सोसण्याजोगी होती काय? आणि निर्णय कार्य साधण्यासाठीं घेतला, कीं आपल्यावर बोल येऊं नये म्हणून? किंग्स्टनचा फॉलोऑन या तिन्हींस उतरतो. ऑकलंडचाहि उतरतो. कलकत्त्याचा तिसऱ्या प्रश्नास पूर्ण उतरतो, पहिल्यास अर्धाच. कारण प्रतिपक्षाचा विचार झाला, त्या मानानें खेळपट्टीचा कमी पडला.

यांतील तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचा दाखला आमच्या कोल्हापूरचाच आहे. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास रणजी सामन्यांत कै. भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ वर खेळत होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडावयास अवघ्या दहा धावा हव्या होत्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. विश्रांतीच्या वेळीं काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं डाव सोडा, नाहीं तर आम्ही घरीं जातों असें कळविलें, आणि खरोखरच सामना सोडून दिला. आपल्या संघाचें नांव त्या विक्रमाशीं जोडलें जाऊं नये, एवढाच हेतु. त्यांत हरण्याचा धोका नव्हता, कारण हार होणारच होती. धोका टाळला तो नामुष्कीचा; आणि आज पाऊणशें वर्षांनंतर काठेवाडच्या त्या संघाची आठवण निघते ती याच कारणासाठीं. भाऊसाहेब पुढें कधीं कसोटी खेळले नाहींत, आणि २०१२ सालीं कोल्हापुरांतच त्यांचें निधन झालें. त्या दहा धावांची हुरहूर आमच्या गांवाला अजून आहे.

धाडस उलटतांच जो समाज दगड उचलतो, त्याला असेच नेते मिळतात. शहाणे लोक हळूहळू ओळखतात कीं, विचार करून चुकण्यापेक्षां विचार न करतां चार लोकांसारखें वागणें सोईचें. त्यांत बोल कोणी लावीत नाहीं.

ही गोष्ट मैदानापुरती नाहीं. कसबा बावड्याजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५५ फुटांवर गेलें, हें येथील कोणीहि विसरलेलें नाहीं. तेव्हांपासून दर पावसाळ्यांत नदीकांठच्या घरांतील वडील माणसाला ठरवावें लागतें कीं, म्हातारीकोतारीं, लेंकरें आणि गुरें हलवावयाचीं, कीं आणखी एक रात्र वाट पाहावयाची. त्यानें हलविलीं आणि पाणी उंबऱ्याशीं थबकून उतरलें, कीं घरांत कुरबुर सुरू होते: “उगाच धांवपळ केली, भाड्याचे पैसे गेले, धान्य भिजलें.” अशी कुरबुर दोनदां ऐकलेला वडील माणूस तिसऱ्या वर्षीं थांबेल, आणि तें वर्ष २०१९ सारखें असलें तर? त्या कुरबुरीची किंमत मग कोण भरणार? मुलाचें शिक्षण, जमिनीचा व्यवहार, आजाऱ्यावरील शस्त्रक्रिया, हे निर्णयहि याच जातीचे होत. गीतेनें कर्म आणि फल हीं निराळीं करून दाखविलीं तीं संन्याशासाठीं नव्हे, रणांगणावर उभ्या असलेल्या गृहस्थासाठीं.

म्हणून वाचकांस, विशेषतः घरांतील मुलांस, एक साधा उपाय सुचवितों. आम्ही वर्गांत उत्तर सांगण्यापूर्वीं मुलांना अंदाज वहींत लिहावयास लावीत असूं. मागाहून “मला येतच होतें” म्हणावयास जागा राहत नसे. सामना पाहतांनाहि तेंच करावें. नाणेफेक झाली, गोलंदाज बदलला, बचावाचा गडी काढला, कीं फळ दिसण्यापूर्वीं प्रत्येकानें आपलें मत आणि त्याचें कारण एका ओळींत लिहून ठेवावें. हंगाम संपल्यावर ती वही सर्वांनीं मिळून वाचावी. कर्णधाराच्या चुका त्यांत सांपडतीलच. त्याहून अधिक कोणाच्या सांपडतात तेंहि मोजून पाहावें. आणि पावसाळ्यांत घरांतील वडील माणसानें सामान बांधावयास सांगितलें, तर त्याच वहींत त्या दिवशींची पाण्याची पातळी आणि त्याचें कारण तेवढें टिपून ठेवावें.