स्प्रिंगला नॉब नसतो

पाऊस उघडला की पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत एक ठरलेली चौकशी सुरू होते. कुणीतरी पोलो किंवा स्विफ्ट घेऊन येतं, हिवाळ्यात कोइमतूरला ट्रॅक डे करायचाय म्हणतं आणि विचारतं, "दादा, ॲडजस्टेबल कॉइलओव्हर टाकले तर दोन्ही कामं होतील ना? रोज ऑफिसला सॉफ्ट, ट्रॅकवर हार्ड." आपल्यातले बरेच जण 'हो' म्हणून मोकळे होतात. या 'हो'बद्दल आज लिहायचं आहे.

नॉब फिरवला की शॉकअपमधल्या तेलाची वाट अरुंद किंवा रुंद होते. त्यापलीकडे काही नाही. स्प्रिंग होती तीच राहते. बॉडीवरच्या आट्यांवर कॉलर चढवला-उतरवला तर गाडीची उंची बदलते, पण सरळ गुंडाळीच्या स्प्रिंगचा दर जिथल्या तिथे असतो. म्हणजे 'सॉफ्ट-हार्ड' हा निर्णय गिऱ्हाईक दर रविवारी घेणार नसतो. तो आपण स्प्रिंगची ऑर्डर देतानाच कायमचा घेऊन टाकलेला असतो.

आकड्यांनीच बघू. समोरच्या एका चाकाच्या स्प्रिंगवर ३०० किलो वजन येतं असं धरा. लहान हॅचबॅकला हा अंदाज जवळचा आहे. कंपनीची गाडी सेकंदाला साधारण १.२ ते १.५ वेळा झुलेल अशा बेताने बसवलेली असते. डाउनफोर्स नसलेल्या शर्यतीच्या गाडीचा आकडा २ ते २.५ च्या आसपास असतो. आता ३०० किलोखाली १० किलो प्रति मिलिमीटरची स्प्रिंग घाला: गाडी जवळपास २.९ वर जाते, शर्यतीच्या गाडीच्याही पुढे. अशी स्प्रिंग गाडीच्या वजनाने दबते फक्त ३० मिलिमीटर. चाक त्याहून खोल खड्ड्यात उतरलं की तिचा जोर संपतो. हेल्पर स्प्रिंग नसेल तर ती सैल पडते, बैठकीवरून सरकते, आणि गिऱ्हाईक 'समोरून टक-टक आवाज येतो' म्हणून परत येतं. मग आपण लिंक रॉड बदलतो, टॉप माउंट बदलतो. आवाज तसाच राहतो.

त्याच गाडीला ५ ची स्प्रिंग दिली तर आकडा २ वर येतो आणि खाली ६० मिलिमीटर वाव उरतो. ४ दिली तर १.८ आणि ७५ मिलिमीटर. रोज चालणाऱ्या आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला समोर ४ ते ५ च्या पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या बाजूला टॉर्शन बीम असेल तर समोरचा आकडा तिथे उचलून लावू नका. तिथे स्प्रिंग बहुधा चाकाच्या पुढे बसते, त्यामुळे चाकाच्या १० मिलिमीटर हालचालीला ती समजा ८ च हलते. चाकाला जाणवणारा दर त्या गुणोत्तराच्या वर्गाने पडतो: ०.८ असेल तर स्प्रिंगच्या ६४ टक्के.

मी स्वतः एकदा माझ्याच पोलोला समोर ८ ची स्प्रिंग घालून कोइमतूर गाठलं होतं. करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. दिवसभरात पन्नास फेऱ्या मारल्या तरी होतात १०५ किलोमीटर. पुण्याहून तिथे जाणं-येणं मात्र सुमारे २,४०० किलोमीटर, आणि गाडी ट्रेलरवर नव्हती, स्वतःच्या चाकांवर होती. परतताना उजवा टॉप माउंट फाटला आणि एका बंप स्टॉपचा भुगा झाला. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न असतो: गाडी ट्रॅकवर पोहोचणार कशी?

आपल्याकडच्या रस्त्याचं मापही एकदा घेऊन पाहावं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. आपल्या सोसायट्यांच्या दारात असतो तो एखादा हात रुंद, उंची तेवढीच. उंची कमी करण्याचा आग्रह धरणाऱ्याला हे टेप लावून दाखवा. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत आणखी एक अडचण असते. गाडी फार खाली बसवली की लोअर आर्म चाकाकडे वर तिरके होतात, आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतं. वळणात अंग टाकायला गाडीला उलट जास्त लांब दांडा मिळतो. वर बंप स्टॉपपर्यंतची जागाही गेलेली असते. पंचवीस मिलिमीटर खाली पुरे. चाळीसला मी नाही म्हणतो.

आता नॉबकडे. एकच नॉब असलेले बरेचसे शॉकअप मुख्यतः रिबाउंड बदलतात. कोनीचा पिवळा तर फक्त रिबाउंडच बदलतो. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट २ मध्ये रिबाउंड मिळतो, व्हेरिएंट ३ मध्ये बंपही वेगळा. रिबाउंड जास्त घट्ट केला तर दबलेलं चाक पुढचा धक्का येईपर्यंत खाली परत येऊ शकत नाही. टोलनाक्याआधीच्या रंबलर पट्ट्यांवर गाडी एकेका पट्टीगणिक खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर आपटते. गिऱ्हाईक सांगतं, "स्प्रिंग फार कडक आहे." स्प्रिंगला हात लावण्याआधी चार क्लिक सोडा आणि त्याच पट्ट्यांवरून पुन्हा चालवून पाहा. ही तक्रार अशी निम्म्या तासात सुटलेली मी कित्येकदा पाहिली आहे, आणि त्याच तक्रारीपायी चांगले सेट कवडीमोलाने विकले गेलेलेही पाहिले आहेत.

क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून उलटे मोजा, डावे-उजवे सारखे ठेवा, एका वेळी एकाच ॲक्सलचे दोनच क्लिक बदला. त्याआधी टायरचं गरम प्रेशर बघा. ट्रॅकवरच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. उंची एकदा ठरली की ट्रॅकसाठी पुन्हा बदलू नका, कारण तिच्याबरोबर टो हलतो. टायर खातो तो मुख्यतः टोच. उणे दीड-दोन अंश कॅम्बर शून्य टोसह रोजच्या वापरात निभावतो. रबर बुशांचे बोल्ट गाडी रॅम्पवर लटकत असताना आवळू नका, चाकांवर वजन आल्यावर आवळा. आणि कोकणात राहणाऱ्याला गोलाकार बेअरिंगचे टॉप माउंट देऊ नका. दोन पावसाळ्यांत ते खडखडू लागतात, खाऱ्या हवेने कॉलरही जाम होतात. त्याला रबरच द्या.

गिऱ्हाइकाला आणखी दोन गोष्टी आपणच सांगायला हव्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं. आणि नेहमीच्या खासगी विमा पॉलिसीत शर्यत व वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. हे ऐकून एखादी ऑर्डर जाईल. जाऊ द्या. अपघातानंतर त्याला हे दुसऱ्याकडून कळलं, तर तो आपल्याकडे ज्या नजरेने बघेल ती मला नको आहे.

काम संपल्यावर किल्लीबरोबर एक कार्ड द्यायची सवय लावू या. त्यावर चारही स्प्रिंगांचे दर, चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतची चार मापं, कॅम्बर, टो, आणि क्लिकचे दोन रकाने: एक घरचा, एक ट्रॅकचा. ट्रॅकचा रकाना कोराच सोडा. तो गिऱ्हाईक तिथे गाडी चालवून स्वतः भरेल आणि परतीच्या रस्त्याला लागण्याआधी, पिटमध्येच, नॉब घरच्या आकड्यावर आणेल.