समुद्रतळाची कौलं

लालबर्रा गावापासून समुद्र शेकडो मैल दूर. तरी कवेलूच्या घरात वाढलेल्या आपल्या माणसांना गोव्याजवळच्या सेंट जॉर्ज रीफची हकिगत जवळची वाटेल. तिथे बुडालेल्या जहाजात भाजक्या मातीची कौलं भरलेली होती. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून, बुड्या मारून त्यांचा अभ्यास केला. काही मालावर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५’ असा ठसा निघाला. १८६५ हे मंगळूरचा तो कारखाना सुरू झाल्याचं वर्ष, म्हणजे जहाज त्यानंतरच कधीतरी बुडालं. उष्ण समुद्रात उघडं पडलेलं लाकूड किडे पोखरून संपवतात. भाजलेली माती मात्र टिकून राहते. मला तर सोन्याच्या पेटीपेक्षा ही कौलं मोलाची वाटतात, कारण लोकांच्या डोक्यावरचं छप्पर दर्यातून कसं प्रवास करायचं ते त्यांतून कळतं. पण एक तुकडा जागचा हलला की त्याची निम्मी कहाणी गेलीच. १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. गोव्याला बुडी मारायला गेलात, तर डोळे भरून पाहा. उचलून मात्र काही आणू नका.