उलटा करावा आणि गुणावें

गणिताचें नांव काढलें कीं आमच्या कित्येक विद्यार्थिबंधूंच्या व भगिनींच्या कपाळास आठ्या पडतात, हें आम्ही जाणून आहों. म्हणून ह्या वार्षिकांत त्या विषयावर चार शब्द लिहितांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं असा एक प्रसंग घडला कीं, तेव्हांपासून ह्या विषयासंबंधानें आमचीं मतें पार बदलून गेलीं. तीं बरोबर कीं चूक, हें वाचकांनींच ठरवावें.

आमची धाकटी बहीण सातवींत आहे. तिनें एके दिवशीं सायंकाळीं वही पुढें करून विचारलें, "दादा, सहा भागिले एक-द्वितीयांश म्हणजे बारा. भागल्यावर संख्या लहान व्हावयाची, ती मोठी कशी झाली?" आम्ही नववीच्या वर्गास शोभेल अशा ऐटींत उत्तर दिलें, "अग, भागतांना अपूर्णांक उलटा करावा आणि गुणावें." "तें मला ठाऊक आहे. पण कां?" ती म्हणाली.

आम्ही निरुत्तर झालों. ज्या प्रकारचीं उदाहरणें आम्हीं सहावीपासून शेंकड्यांनीं सोडविलीं, ज्यांत आमचा एकहि गुण सहसा गेला नाहीं, त्यांचें कारण आम्हांस ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक नाहीं, हेंहि ठाऊक नव्हतें. सहावींत असतांना तिनें हाच प्रश्न एकदां वर्गांत केला होता, व ‘कां तें विचारीत बसूं नकोस, करीत जा’ असें उत्तर तिला मिळालें होतें, असें ती मागाहून बोलली. ज्यांनीं तें दिलें त्यांस आम्ही दोष देत नाहीं. चाळीस मिनिटांचा तास, समोर साठ मुलें, आणि परीक्षा तोंडावर आलेली. अशा वेळीं दुसरें कोणी काय सांगितलें असतें? आम्हीं तर घरीं निवांत बसूनहि तेंच सांगितलें. पण त्या उत्तराचा परिणाम असा झाला कीं, त्या दिवसापासून तिनें गणिताच्या तासाला हात वर करणें सोडून दिलें, व ‘मला गणित येत नाहीं’ असें ती आपण होऊन म्हणूं लागली. खरें पाहतां त्या वर्गांत गणित सुचलें होतें तें तिलाच.

आईनें त्या वेळीं भाकऱ्या करून टोपलींत रचल्या होत्या. त्या सहाच होत्या असें नाहीं, पण आम्हीं सहा घेतल्या. प्रत्येकास अर्धी दिली तर किती जणांस पुरतील? बारा. म्हणजे भागाकार म्हणजे लहान करणें नव्हे. एका राशींत दुसरी राशि किती वेळां मावते तें पाहणें होय. मग प्रत्येकास दोन-तृतीयांश भाकरी द्यावयाचें ठरविलें. सहा भाकऱ्यांचे तिसरे हिस्से केले, ते अठरा झाले. एकेकास दोन-दोन वांटले, नऊ जणांस पुरले. तिहींनीं गुणिलें व दोहोंनीं भागिलें. अपूर्णांक उलटा झाला तो कोणाच्या आज्ञेवरून नव्हे. भाकऱ्या वांटतां वांटतां तो आपोआप उलटा झाला.

येथवर आम्ही विजयी मुद्रेनें बसलों होतों. पण पुढच्याच उदाहरणांत आमची फजिती झाली. पाऊण मीटर फितीचे दोन-तृतीयांश मीटरचे तुकडे किती होतील? रीतीप्रमाणें उत्तर आलें ९/८, म्हणजे एक पूर्णांक एक-अष्टमांश. "म्हणजे एक तुकडा निघून एक-अष्टमांश मीटर फीत उरली," असें आम्हीं बेधडक सांगून टाकलें. एक-अष्टमांश मीटर म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. बहिणीनें शिवणाच्या डब्यांतून खरीखुरी फीत काढली, मापली आणि कापली. उरलेली फीत सव्वाआठ सेंटिमीटरांहून किंचित् अधिक भरली! पुन्हां मापली, तितकीच. आतां पुस्तक खोटें कीं फीत खोटी? अर्धा तास आम्ही दोघें त्या तुकड्याकडे पाहत बसलों. शेवटीं उलगडा झाला तो असा: पाऊण मीटर म्हणजे मीटराचे नऊ बारावे हिस्से, आणि दोन-तृतीयांश म्हणजे तसेच आठ. नवांतून आठांचा एक तुकडा निघाला, एक हिस्सा उरला. तो मीटराचा बारावा भाग खरा, पण तुकड्याचा आठवा. उत्तरांतला एक-अष्टमांश मीटराचा नव्हताच, तो तुकड्याचा होता. हा उलगडा आम्हीं केला कीं तिनें, हें आतां निश्चित सांगतां येत नाहीं, बहुधा तिनेंच. तीन वर्षें आम्ही उत्तर बरोबर लिहीत आलों व त्याचा अर्थ चुकीचा समजत आलों, आणि आमच्या कोणत्याहि उत्तरपत्रिकेस तें कळलें नाहीं.

त्यानंतर ऋण संख्यांची पाळी आली. ‘ऋण गुणिले ऋण म्हणजे धन’ हा मंत्र आम्हां सर्वांस पाठ आहे. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ ह्या ग्रंथांत धन, ऋण व शून्य ह्यांच्या गणिताचे नियम घालून दिले. धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज. अर्थात् आम्हां मराठी मुलांस ह्या संख्यांचें अर्धें स्पष्टीकरण त्यांच्या नांवांतच मिळालेलें आहे. आम्ही मात्र तीं नांवें नुसतीं उच्चारून पुढें जातों. आम्हीं बहिणीस तसेंच समजावूं लागलों, तों तिनें विचारलें, "कर्जाला कर्जानें गुणावयाचें, म्हणजे काय करावयाचें?" प्रश्न रास्त होता. कर्जानें कर्ज गुणितां येतच नाहीं. एक संख्या कर्जाची, व दुसरी तें कर्ज किती वेळां आलें किंवा गेलें ह्याची, असें धरलें म्हणजेच अर्थ लागतो. पन्नास रुपयांचीं तीन कर्जें माफ झालीं, तर मनुष्य दीडशें रुपयांनीं सुधारला. वजा तीन गुणिले वजा पन्नास म्हणजे अधिक दीडशें. इंग्लंडांत फ्रान्सिस मासेरेस नांवाच्या गणितज्ञानें १७५८ सालीं एक ग्रंथ लिहून ह्या ऋण संख्यांविषयीं तक्रार केली होती. ब्रह्मगुप्तानंतर अकराशें वर्षांनींहि विद्वानांस ज्या संख्या पटत नव्हत्या, त्या सातवींतील मुलीस पहिल्या तासांत पटल्या नाहींत, तर तिला मंद म्हणणें कितपत योग्य आहे?

ह्यावरून आम्ही पाठांतराचे वैरी आहों असा कोणीं ग्रह करून घेऊं नये. आमच्या आजोबांस पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी अद्याप पाठ आहेत. साडेतीनची सातपट साडेचोवीस, हें ते भाजीवाल्यापुढें उभ्या उभ्या सांगतात. आम्ही खिशांतून यंत्र काढीपर्यंत त्यांची पिशवी भरलेली असते. पण त्यांनीं औटकी पाठ केली तेव्हां साडेतीन शेर धान्य त्यांच्या डोळ्यांदेखत दुकानांत मापलें जात होतें. पाठांतर व माप हीं बरोबर चाललीं होतीं. आमच्या पाठांतरापुढें मापावयास कांहींच नसतें, एवढाच फरक; पण तो लहान नव्हे.

पालकांस आमची एक नम्र विनंति आहे. पाहुणे आले म्हणजे मुलादेखत ‘आमच्या घराण्यांत गणित नाहींच’ असें हंसत हंसत म्हणण्याची पद्धत पुष्कळ घरीं आहे; आमच्याहि घरीं होती. मुलीच्या बाबतींत तर तें अधिकच सहज म्हटलें जातें. बोलणारास तें विनोदाचें वाटतें, पण मूल त्यावर विश्वास ठेवतें. जी आई सहा माणसांचें पीठ नवांसाठीं वाढवून मळते, तिच्या घराण्यांत गणित नाहीं हें आम्हांस तरी पटत नाहीं.

आमच्या शाळेच्या चालकांपुढेंहि एक सूचना ठेवावीशी वाटते. आठवड्यांतून एक तास नववीच्या विद्यार्थ्यांस सहावी-सातवीच्या चार-चार मुलांबरोबर बसवावें. ह्यावर दोन आक्षेप येतील. मोठ्यांचा वेळ फुकट जाईल, हा पहिला. आमचा अनुभव उलट आहे. अपूर्णांकांचा भागाकार आम्ही सहावींत शिकलों असें प्रगतिपुस्तक म्हणतें, पण शिकलों तो नववींत, बहिणीस सांगतांना. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठीं मुलें चुकीचें शिकवतील. होय, शिकवतील, आम्हीं फितीच्या बाबतींत शिकविलेंच. म्हणून त्या वर्गांत एक शिक्षक असावे, आणि फीत, कात्री, मापें हींहि असावींत. गुरुजनांपुढें ‘समजलें नाहीं’ म्हणावयास जें मूल लाजतें, तें दादा-ताईपुढें तितकें लाजत नाहीं, हा लाभ आम्हांस त्या चुकांहून मोठा वाटतो.

बहिणीचें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. सहामाहींत तिला फार गुण मिळाले असें नाहीं. पण आम्हीं तिला देवळालीच्या शाळेंतील शिक्षक द. रा. कापरेकर ह्यांची गोष्ट सांगितली. शाळेंत शिकवितां शिकवितां ते आयुष्यभर संख्यांशीं खेळत राहिले, व १९४९ सालीं त्यांनीं ६१७४ ह्या संख्येचा चमत्कार प्रसिद्ध केला. कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. तिचे चारहि अंक सारखे मात्र नसावेत. तिच्या अंकांची मोठ्यांत मोठी संख्या मांडून तींतून लहानांत लहान वजा करावी, व आलेल्या संख्येवर पुन्हां तेंच करावें. बहिणीनें आपलें जन्मसाल घेतलें, २०१२. २२१० वजा ०१२२ म्हणजे २०८८. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढें ७६४१ वजा १४६७ केले तरी पुन्हां ६१७४च. जास्तींत जास्त सात पायऱ्या लागतात असें आम्हीं सांगितलें, तेव्हां सात पायऱ्या घेणारी संख्या शोधण्यासाठीं तिनें वहीचीं पाठकोरीं पानें वजाबाक्यांनीं भरून टाकलीं. त्या कोणींहि घालून दिलेल्या नव्हत्या. रात्रीं निजतांना तिनें पुन्हां विचारलें, "पण दादा, दर वेळीं तीच संख्या कां येते?" आम्हीं उद्यां सांगूं म्हटलें आहे, आणि त्या ‘उद्यां’ला आतां तीन आठवडे झाले.