बीडला राष्ट्र कोणत्या वाटेने भेटले?

१२ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर भारतीय हॉकी संघाने ब्रिटनचा ४-० असा पराभव केला. स्वतंत्र भारताचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. खेळ आणि राष्ट्रीय अस्मिता यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्याचा आरंभ बहुधा याच सामन्यापासून होतो. महायुद्धाच्या जखमा वागवणाऱ्या लंडनमध्ये, कालच्या राज्यकर्त्यांच्या अंगणात, फाळणीने पोळलेल्या देशाने मिळवलेल्या या विजयाचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या दिवशी बीड जिल्हा भारतात नव्हताच, याची आठवण सहसा कुणी ठेवत नाही.

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि रझाकारांची दहशत ऐन भरात होती. वेम्बलीनंतर महिनाभराने, १३ सप्टेंबरला, भारतीय फौजा संस्थानात शिरल्या; १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे बीडला राष्ट्र भेटले ते हॉकीच्या मैदानावर नव्हे, लष्कराच्या रूपाने. ही भेटही सर्वांना सारखी सुखाची झाली नाही. त्या कारवाईच्या काळात संस्थानातील मुसलमानांवर जे ओढवले त्याची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. असो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे लष्कराचा धागा तेवढा सोडू नये, कारण पुढे खेळही बीडच्या वाट्याला बराचसा याच वाटेने आला.

आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचे पुत्र. बारावीनंतर ते सैन्यात गेले ते धावपटू होण्यासाठी नव्हे, नोकरीसाठी. महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमधून २०१३-१४ मध्ये सियाचीन, मग राजस्थानचे वाळवंट, मग सिक्कीम. शर्यतीच्या धावण्याकडे ते वळले २०१५ मध्ये. २०१८ साली भुवनेश्वरला त्यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेसमधील गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांचे सुवर्ण सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी हुकले. तरीही १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी घरी नेणाऱ्या केनियाची मक्तेदारी मोडली. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. (या शर्यतीत पाण्याचा खड्डा सात वेळा ओलांडावा लागतो, दुष्काळी आष्टीच्या माणसाने त्यात नाव काढावे, हेही एक नवलच.)

या यशाची वर्णने ‘गरिबीवर मात’ या ठरावीक शब्दांत होतात तेव्हा आम्हाला अवघडल्यासारखे होते. त्यात गरिबी हा जणू शर्यतीतलाच एक अडथळा ठरतो. ओलांडला की टाळ्या. मांडव्याच्या पंचक्रोशीतच काय, साऱ्या मराठवाड्यात पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर मुले धावताना दिसतात. ती पदकासाठी धावत नाहीत. सैन्यभरतीतली, पोलीस भरतीतली सोळाशे मीटरची धाव त्यांना काढायची असते. ऊसतोडीचा कोयता हाती येऊ नये म्हणून चाललेली ही धडपड आहे. येथील राष्ट्रप्रेम पोटाच्या प्रश्नापासून वेगळे काढता येत नाही, आणि त्यात उणेपणा मानण्याचेही कारण आम्हाला दिसत नाही.

म्हणूनच जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेचा विचार येथे करावासा वाटतो. या योजनेनुसार भरती चार वर्षांची, आणि त्यानंतर कायम होणार ते फार तर २५ टक्के. खेळाडूंसाठी थेट भरतीची सोय आहे खरी, पण ती आधीच नाव कमावलेल्यांसाठी. साबळे सैन्यात गेले तेव्हा तसे नव्हते. सियाचीनपासून भुवनेश्वरच्या विक्रमापर्यंतचा काळच चार वर्षांहून अधिक भरतो. आज पहाटे आष्टीच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुलाचे पाय कशासाठी घडले आहेत, हे त्याच्या पलटणीला उमगायला पाचवे वर्ष लागले, तर तेव्हा तो कुठे असेल?